विनोदिनीताईंचा तलाव आणि माझी रुचिता

आमच्या मागच्या गल्लीतल्या विनोदिनी रामटेके तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. रिटायर झाल्यावर त्या पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, तलावाबद्दल हिंदी पेपरांत लिहू लागल्या. पाणकोंबडी कुठे अंडी घालते, गटाराचं पाणी कुठून येतं, काठ बुजवून पार्किंग करायचं कोणाच्या मनात आहे, सगळं लिहितात. लेख छापायला देण्याआधी घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना ऐकवतात. ज्या वाक्याला बायकांचे हात थांबत नाहीत, ते वाक्य कापतात.

मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही, म्हणून गेलं वर्षभर ते लेख घाटावर माझी रुचिता वाचते. घरात माझ्याशी हिंदीत बोलणारी ही पोट्टी त्यांच्याशी मराठीत बोलते! काहून, विचारलं तर म्हणाली, "मम्मी, दीदी टोकती नहीं हैं."

मी टोकते. बँकेची परीक्षा तोंडावर, खोकला जात नाही आणि ही सकाळपासून तलावाच्या चिखलात उभी. टोकू नको तर काय करू?

परवा पार्किंगची सुनावणी आहे. काल ताई दारात आल्या. "शर्मिष्ठा, निवेदन उद्या घाटावर वाचून पाहाचं होतं. पण रुचिताचा पेपर हाय ना बिलासपूरले?"

"मी वाचते," मी म्हणाले. तलावासाठी नाही. रुचिताच्या जागी उभं राहून पाहायचं होतं, एवढंच.

आज सकाळी खणखणीत आवाजात वाचलं. एकीचाही हात थांबला नाही. मीराबाई साडी पिळत म्हणाली, "हव दीदी, फेर नोनी बने पढ़थे." पोरगीच चांगली वाचते म्हणे! माझे कान तापले.

ताईंना दिसत नाही, पण कपडे आपटल्याचा आवाज ऐकू येत होता. हसून म्हणाल्या, "भाषण नको देऊ वं. रुचिताले झापतेस तशी वाच."

म्हणजे घरातलं सगळं तिथे पोचतं तर! त्या रागातच वाचलं. तलाव बुजला तर पावसाचं पाणी कोणाच्या चुलीत शिरेल, त्या ओळीला घाट गप्प झाला. मीराबाईने साडी खाली ठेवली.

संध्याकाळी रुचिताचा फोन आला. पेपरचं एक अक्षर नाही. "दीदी का निवेदन कैसा हुआ? सुनवाई में कौन पढ़ेगा?"

ताई म्हणाल्या होत्या, "तुम्ही दोघी मायलेकी ठरवा."

"मी वाचणार आहे," मी म्हणाले. "त्यांनीच सांगितलंय."