धुक्यातला गुरू

सासरच्यांनी त्याचं नाव घुम्या ठेवलं, ते अगदी लग्नातच. चार माणसांत बसला तरी मूग गिळून बसणारा जावई. पण हाच घुम्या काचेच्या खोलीत शिरला आणि कानांवर हेडफोन चढवले, की त्याच्या छातीतून जुन्या विहिरीतल्यासारखा खोल, गार आवाज वर यायचा. परमुलखातली एक युद्धकलेची मालिका टीव्हीवर लागायची. तिच्यातल्या पांढऱ्या भुवयांच्या गुरूला आपल्या भाषेत बोलतं केलं ते घुम्याने. पडद्यावर गुरू एका उडीत छपरावर जायचा आणि इकडे गुडघेदुखीने बेजार झालेला घुम्या स्टुलावर बसून त्याच्यासाठी "हं!" म्हणायचा.

त्याआधी तो बस डेपोत गाड्या पुकारायचा. गाडी रद्द झाली तरी लोक भांडायला येत नसत, एवढी त्या आवाजात माया होती. तिथेच कुणीतरी त्याला या आवाज देण्याच्या कामासाठी हेरलं.

घरात मात्र तो आवाज जपायचा. बायको म्हणायची, "त्या थेरड्याच्या तोंडून एवढं शहाणपण सांगता, भाजीत मीठ कमी पडलंय का, तेवढं मलाही सांगा की." तो मान हलवायचा. ती म्हणायची, "बघा, झालं बोलून!"

मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल, जिवाला धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. घुम्याने एवढंच विचारलं, "एक भाग राहिलाय. तो बोलून आलो तर चालेल?"

तो भाग साऱ्या मालिकेत गूढ. गुरू आधीच मेलेला. चेला डोंगरमाथ्यावर स्वतःच्याच सावलीशी लढून थकून पडलेला. धुकं दाटतं, धुक्यात गुरू उभा राहतो, ओठ हलवतो आणि विरून जातो.

त्या दिवशी बायको गरम पाण्याचा थर्मास घेऊन सोबत आली. रेकॉर्डिंग बघणारी ताई त्याच्या मुलीच्या वयाची. ती कपाळाला हात लावून बसली होती.

"काका, इथे मूळ आवाजच नाही. कागदावरही ओळ नाही. गहाळ झाली वाटतं. ओठ तर हलतायत."

या धंद्याची रीत अशी, की ओठ हलले की शब्द घालायचा. हलता ओठ रिकामा सोडणं म्हणजे गवंड्याने भिंतीत भोक ठेवून घरी जाणं.

"मेलेला माणूस परत आलाय," ताई म्हणाली. "काहीतरी भारी म्हणत असेल. देह नश्वर आहे, असं काही."

"नश्वर म्हणताना ओठ मिटत नाहीत गं," घुम्या म्हणाला. "याचे तीनदा मिटतायत."

त्याने ते दृश्य पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. स्वतःचे ओठ गुरूच्या ओठांबरोबर हलवून बघितले. मग माइकजवळ सरकून तो हळूच बोलला, "पाणी पी. मग जा."

नेमकं बसलं. ताई दंडावरचा काटा चोळत राहिली. बायको हसत सुटली, "अहो, हे तर मी रोज तुम्हाला म्हणते!"

ऑपरेशन झालं. गाठ गेली, तसा आवाजही गेला. उरली फक्त सुक्या पानांसारखी खसखस.

जखम भरत आली तेव्हा ताई घरी आली. पायरीवरच उभी राहून म्हणाली, "काका, माझं चुकलं. आधी विचारायला हवं होतं. मालिका बनवणाऱ्यांनी तिथे मुद्दामच आवाज ठेवला नव्हता. मेलेल्याचं बोलणं जित्याला ऐकू येत नाही, असं दाखवायचं होतं. पण मी तुमचं सगळं कळवलं. ते म्हणाले, काकांना हवं असेल तर राहू द्या."

"राहू द्याच!" बायको आतून कडाडली. "यांचा आवाज तेवढाच तर उरलाय. त्याला हात लावलात तर याद राखा."

घुम्याने पायात चपला सरकवल्या. बायकोही मागोमाग निघाली.

काचेच्या खोलीत ताईने ते दृश्य आधी घुम्याच्या आवाजासह दाखवलं. चेला ऐकतो, उठतो, चालू लागतो. मग आवाज बंद करून. आता चेला पुढे झुकला. कानामागे हात धरला. आणखी झुकला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. गुरू विरल्यावर तो रडला, आणि मग आपणहून उठला. हे झुकणं आधीच्या खेपेलाही होतंच, पण शब्द स्पष्ट ऐकू येत असताना ते एखाद्या बहिऱ्याचं झुकणं वाटलं होतं.

 घुम्याने तळहात काचेवर ठेवला आणि पाटी पुसावी तसा फिरवला.

"नक्की ना, काका?"

त्याने पुन्हा तसाच फिरवला.

परतताना बायको दोन पावलं पुढेच चालत राहिली. घराच्या दाराशी येऊन म्हणाली, "तुमचं तुम्हीच पुसलंत."

त्याने मान हलवली. कुलूप काढता काढता ती म्हणाली, "मी तर ऐकलंय. माझं काय पुसणार?"

भाग लागला तेव्हा शेजारपाजार त्यांच्याच खोलीत दाटीवाटीने बसला होता. धुकं आलं, गुरूचे ओठ हलले, आणि शेजारचा शिंपी उठला. "आवाज गेला वाटतं. डबडं झालंय तुमचं, थांबा." टीव्हीवर थाप मारायला त्याने हात उगारला.

घुम्याने त्याचं मनगट धरलं. शिंपी गोंधळून तसाच वाकून उभा राहिला. बाकीची माणसं पडद्याकडे झुकली, एक शब्द तरी कानी पडेल म्हणून. धुकं विरेपर्यंत कुणी हललं नाही.