डाव्या कडेचा दगड

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आत बोलायची परवानगी नाही म्हणून आधी बाहेर पायऱ्यांवर आले, मग उचलला... तोवर भावानं दोनदा लावला होता. तात्या माझे थोरले चुलते. नळदुर्गजवळच्या आमच्या गावच्या तलावात त्यांनी आणि काकूंनी आयुष्यभर मासे धरले, तेही बहुतेक थर्माकोलच्या तराफ्यावर बसून.

दोन वर्षांमागं त्यांनी होडी घ्यायचं ठरवलं आणि निवडायला मला सोलापूरला नेलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली; तेवढ्यावरून हिला सगळं कळतं, असं ते धरून चालायचे. दुकानाबाहेर अ‍ॅल्युमिनियमच्या, सपाट तळाच्या दोन लहान होड्या होत्या. एक रुंद आणि जड, दुसरी अरुंद आणि हलकी. तात्यांनी दोन्हींत बसून, बाजूला वाकून, नसलेलं जाळं ओढून बघितलं. दुकानातली माणसं हसली. रुंद होडीत ते पुन्हा एकदा जाऊन बसले, हे मी पाहिलं होतं. पण माझ्या डोक्यात उन्हाळा होता. पाणी आत सरकतं, होडी चिखलातून ओढत न्यावी लागते. मी म्हटलं, हलकी बरी. त्यांनी रुंद होडीकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, “शिकलेलं माणूस सांगतंय, मग तीच.”

पुढं गावात ज्याला त्याला ते सांगायचे, आमच्या पोरीनं निवडली म्हणून. सुट्टीत मी गेले की मला होडीत डाव्या कडेला बसवायचे आणि स्वतः काकूंबरोबर उजवीकडून जाळं ओढायचे. मी उठू लागले तर म्हणायचे, तुझी जागा तीच. मला वाटायचं, लाडानं म्हणतात...

तात्यांचं दिवसकार्य उरकल्यानंतर गेल्या आठवड्यात पुन्हा घरी गेले तर काकू एकट्याच होडी पाण्यात लोटत होत्या. डाव्या कडेला, माझ्या जागेवर, दोरीनं बांधलेला एक काळा दगड होता. हा कशाला, मी विचारलं. काकूंनी दगडाची दोरी चाचपली.

“जाळं ओढताना कलती ती. पहिल्या दिवसापास्नं. तू येणार म्हणलं की दगड सोडून बाभळीखाली ठेवायचे.”

“मग बदलून का नाही आणली?”

“म्या बी तेच म्हणलं. तर म्हणले, पोरीनं पुढं काय सांगायचंच सोडून दिलं तर?”

मी दगड सोडला. बाभळीखाली नेला तर तिथं मातीत त्याच्या मापाचा खळगा आधीच पडलेला होता. मग होडीत येऊन डाव्या कडेला बसले. पाण्यात थोडं आत गेल्यावर मला एकदाचं म्हणता आलं, “काकू, रुंद घ्यायला पाहिजे होती.”

“व्हय,” काकू म्हणाल्या, आणि उजवीकडून जाळं ओढायला लागल्या. होडी कलली नाही.