धरणातून वर आलेलं गाव

परवा कॉलनीतल्या विहिरीचा गाळ काढला, त्याच्या वासाने मला इगतपुरीकडचं ते धरण आठवलं. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात त्याचं पाणी फारच आटलं आणि बुडालेलं आमचं जुनं गाव उघडं पडलं. मी ते कधीच पाहिलं नव्हतं, म्हणून आत्याला घेऊन गेले. घरांची नुसती दगडी जोती उरली होती आणि त्यांच्यामधून कोवळं गवत उगवलं होतं. आत्या भराभर चालत एका जोत्यावर जाऊन बसली. "हे आपलं घर," ती म्हणाली. तेवढ्यात पलीकडून एक म्हातारी आली. "ओ बाई, ते आमचं घर हाय." दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी म्हातारीने विचारलं, "मंग विहीर कुठं व्हती, सांगा." आत्याने डावीकडे हात केला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू शेजारची ना? भिंतीवरून विस्तव मागायची ती?" म्हातारी मटकन तिच्याशेजारी बसली. मग मी विचारत गेले आणि त्या दोघी उन्हं उतरेपर्यंत घरामागून घर सांगत राहिल्या. आता आत्या नाही. गावाबद्दल मला जे ठाऊक आहे, ते त्या दुपारचंच. ते जोतं कुणाचं, हे मात्र त्यांनी ठरवलंच नाही.