अंगठ्याखालचा कंगोरा

टिकारामभाऊ उईक्यांवर मी याआधी एकदा लिहिलं आहे. त्या लेखानं त्यांचं जे व्हायचं ते झालं. आता दुसऱ्यांदा लिहिते, कारण पहिल्या वेळी मी चांगलं तेवढंच लिहिलं होतं.

सिंदी रेल्वे या आमच्या गावात ते आमच्या समोर राहतात. मधे फक्त गल्ली. सकाळी तुळशीला पाणी घालायला मी बाहेर येई तेव्हा भाऊ डबा घेऊन गाडीला निघालेले असत. तीस-पस्तीस वर्षं हेच पाहिलं. मूळचे आष्टी तालुक्यातले, तळेगावच्या पुढचे. घरात गोंडी बोलत. वडील जंगलाच्या कामावर. तिथल्या हजेरीत त्यांच्या वडिलांचं नाव नुसतं 'उईके' असं लिहीत. कामावर तीन उईके होते, तिघांची हजेरी एकमेकांत मिसळे. हे भाऊ हसून सांगत, पण दर वेळी सांगत.

तळेगावच्या बाजारात ते शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकले. मग जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागले. ऑपरेशनचे टेबल, दिवे, खुर्च्या, जे बिघडेल ते त्यांच्याकडे. डॉक्टर लोक त्यांना 'शिलाई मशीन' म्हणत. प्रेमानंच म्हणत, असं भाऊ म्हणत.

पाचेक वर्षांपूर्वी दवाखान्यात रोबो आला. मला तेव्हा वाटलं माणसासारखा उभा राहून कापत असेल. भाऊंनी समजावलं. डॉक्टर पेशंटपासून चार हात दूर बसतो, डोकं एका खोक्यात घालतो, त्यात पोटाच्या आतलं दिसतं. दोन्ही हातांची बोटं कड्यांत. ती हलवली की तिकडे यंत्राचे हात हलतात. आणि पायाखाली पायडलांची रांग: एकानं कॅमेरा फिरवायचा, एकानं आपले हात यंत्रापासून मोकळे करायचे, एकानं आतली नस जाळून रक्त थांबवायचं. डोकं खोक्यात, म्हणून पाय दिसत नाहीत. डॉक्टर जोडे काढून मोज्यावर बसतात, पायाला ओळखू यावं म्हणून.

मोहिनी मॅडम तेव्हा नवीन डॉक्टर होत्या, सरावाच्या यंत्रावर शिकत होत्या. ठेंगण्या. कॅमेऱ्यावरून पाय उचलला की परत ठेवताना भलत्याच पायडलावर पडे. एकदा जाळायच्या पायडलावर पडला. सरावाचं यंत्र, काही झालं नाही, पण मॅडम रडल्या. भाऊ तिथंच खुर्चीचं चाक बसवत होते.

"मॅडम, तुमी पाय उचलताच काऊन?" भाऊंनी विचारलं.

"मग काय करू?"

"आमची बायको दिवसभर मशीन चालवते. पाय उचलत नाई. टाच तिथंच राह्यते."

घरी येऊन त्यांनी कमलाबाईच्या जुन्या मशीनचं लोखंडी पायडल काढलं. ती आठ दिवस बोंबलत होती, लग्नसराईचे ब्लाउज पडून होते. भाऊंनी एकच रुंद पायडल केलं. टाच जागेवर. पंजा पुढं दाबला की कॅमेरा, टाच दाबली की हात मोकळे. आणि जाळायचं असेल तर अंगठा एका कंगोऱ्यावरून पलीकडे न्यायचा, मगच दाबायचं. तो कंगोरा मोज्यातूनही लागतो. चुकून कोणाचा अंगठा त्याच्यावरून जात नाही. ते सरावाच्या यंत्राखाली लावून मॅडम बसल्या आणि त्यांचा पाय परत कधी चुकला नाही.

त्याच वर्षी आमच्या महिला भजनी मंडळाला पंचवीस वर्षं झाली. दत्तजयंतीला स्मरणिका काढायची ठरली. लिहिणारी मीच, कारण रोज दिवा लावला की वही घेऊन बसायची माझी सवय साऱ्यांना माहीत. मंडळाची वाटचाल लिहून झाली, कृषी केंद्राच्या जाहिराती आल्या, दोन पानं उरली. मी म्हटलं, आपल्या गल्लीतला माणूस एवढं करतो, त्याच्यावर लिहू.

मी माझ्या पद्धतीनं लिहिलं. दत्तमहाराजांची कृपा, हातात कला, डॉक्टरांच्या पायाशी सेवा. भाऊंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि खाली ठेवलं.

"वहिनी, कृपा-बिपा लिहा. पण मशीन बरोबर लिहा."

"लोकांना काय कळतं भाऊ त्यातलं?"

"नाई कळलं तरी चालन. पण बरोबर लिहा. एवढं एक तं बरोबर राहू द्या."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. किती रुंद, टाच कुठं, कंगोरा किती उंच. मी विचारलं, किती म्हणू? ते म्हणाले, तांदळाचे दोन दाणे एकावर एक ठेवले तेवढा. मी तेच लिहिलं. एका जागी मी 'टाच कंगोऱ्यावरून नेली की' असं लिहिलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या पेननं खोडून 'अंगठा' केलं. पायडलाचा फोटोही त्यांनीच दिला. दत्तजयंतीला देवळात त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. दोनशे प्रती छापल्या. सव्वाशे अजून देवळाच्या कपाटात आहेत. पण आमच्या घरच्यांनी, म्हणजे वासुदेवरावांनी, सारी स्मरणिका देवळाच्या वेबसाइटवर चढवून ठेवली. नागपूरच्या भाच्याकडून शिकले होते, हौस होती.

महिन्याभरानं मोहिनी मॅडमनीच भाऊंना म्हटलं, याचं पेटंट घ्या. यंत्रवाल्या कंपनीचा इंजिनिअर येऊन पायडल पाहून गेला होता. तो म्हणाला होता, पेटंट असेल तर तुमच्या नावासकट घेऊ, नसेल तर नावाचं काही सांगता येत नाही. भाऊंच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच गोष्ट बसली.

"वहिनी, दवाखान्यात जितक्या मशिनी आल्या, सगळ्याइले एक पाटी असते. कोणाचं तं नाव असते त्याच्यावर. आपल्या लोकायचं काऊन नसते?"

नागपूरचे आदेश म्हणून एक पेटंटचं काम करणारे होते. त्यांनी माघ महिन्यात अर्ज मुंबईला भरला. अर्ज भरताना त्यांनी भाऊंना नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं विचारलं. हे आधी कुठं छापून आलं का, हे विचारलं नाही. भाऊंनी सांगितलं नाही. आणि मला तर असं काही सांगायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

दीड वर्षानं आषाढात तपासणीचा अहवाल आला. पेटंट ऑफिसात एक परीक्षक असतो, तो जगभर शोधतो की हे कुणी आधी सांगून ठेवलं आहे का. कुठंही, कोणत्याही भाषेत. अर्जाच्या आधी एक दिवस जरी ते लोकांसमोर आलं असेल तरी ते नवीन नाही. या परीक्षकानं तीन कागद लावले होते. पहिले दोन परदेशातले. त्यांना उत्तर होतं, त्यांच्यात पाय उचलावा लागतो. तिसरा कागद आमच्या मंडळाची स्मरणिका, पान एकोणतीस.

आदेश फोनवर म्हणाले, "टिकारामजी, हा तर तुमच्यावरचाच लेख आहे."

भाऊ अहवाल घेऊन आमच्याकडे आले. इंग्रजीत होता, पण त्यात मधेच माझं मराठी वाक्य छापलं होतं, खाली त्याचं भाषांतर. तांदळाचे दोन दाणे. माझा लेख त्या परीक्षकानं जितका नीट वाचला तितका मंडळातल्या एकीनंही वाचला नसेल. कृपेची, सेवेची वाक्यं त्यानं सोडून दिली होती. ती काही कामाची नव्हती. मी माझ्या मनासारखं लिहिलं असतं तर भाऊंचं पेटंट वाचलं असतं.

आदेशनी आधी लिहून पाहिलं की हा भक्तीचा लेख आहे, यंत्राचा नाही. त्याला कोण ऐकणार, तांदळाचे दाणे मोजून दिलेले. मग त्यांनी दुसरी वाट काढली. कायद्यात एक सवलत होती. शोध लावणाऱ्याला न विचारता दुसऱ्या कोणी छापून टाकलं असेल तर त्याचा दोष त्याच्यावर येत नाही. म्हणजे मी शपथेवर लिहून द्यायचं, की हे मी टिकारामभाऊंच्या संमतीशिवाय छापलं.

भाऊ स्वतः मागायला आले नाहीत. कमलाबाई आली.

"ताई, एक सही पायजे होती."

"अगं, त्यांनी माझ्यासमोर बसून वाचलं."

"वाचलं असन. पण लिवलं तं तुमीच ना." ती पदराशी चाळा करत होती. "जूनमध्ये रिटायर होते मानूस. दुसरं काई मांगून नाई राह्यलो आमी."

त्या संध्याकाळी मी जुनी वही काढली. त्या दिवसाचं पान सापडलं. 'टिकारामभाऊ आले. लेख दोनदा वाचला. टाचेचा अंगठा केला. दोनदा चहा झाला.' ती वही नेहमी देवघराच्या खालच्या फळीवर असते. त्या दिवशी मी ती कपड्यांच्या कपाटात, लुगड्यांच्या खाली ठेवली.

वासुदेवरावांना विचारलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कागद इंग्रजीत हाय ना? करून टाक सही. देवाले कुठं इंग्रजी समजते."

सेलूला नोटरीसमोर मी सही केली. सही नेहमीसारखीच आली. हे मुद्दाम लिहिते. घरी येऊन आरती केली, त्यातही काही चुकलं नाही.

पौष महिन्यात सुनावणी झाली. मुंबईला जावं लागत नाही, नागपूरला आदेशच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायचं. भाऊ, कमलाबाई आणि मी, तिघं गेलो. भाऊंनी सत्काराची शाल घेतली होती, थंडी म्हणून. समोर पडद्यावर एक साहेब होते, वयानं लहान, बोलणं शांत. आदेश इंग्रजीत दहा मिनिटं बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ते माझ्याशी मराठीत बोलले.

"भागीरथाबाई, लेख पूर्ण तुमचाच आहे?"

"हो."

"मग शेवटची ओळ वाचून दाखवतो. 'हा मजकूर टिकारामभाऊंनी स्वतः दोनदा वाचून, एक चूक दुरुस्त करून दिली, फोटोही दिला, त्याबद्दल मंडळ त्यांचे आभारी आहे.' हीसुद्धा तुमचीच?"

आदेशनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी अहवालात छापलेलं तेवढंच वाचलं होतं. मी स्वतः ती ओळ विसरून गेले होते. आभाराची ओळ मी प्रत्येक लेखाच्या शेवटी टाकते, ती लिहिताना हात विचार करत नाही. भाऊंनी लेख दोनदा वाचला तेव्हा ती नव्हतीच. ते गेल्यावर मी घातली होती.

"माझीच," मी म्हटलं.

साहेब रागावले नाहीत. "ठीक आहे," म्हणाले, आणि खाली काहीतरी लिहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

जिना उतरताना कमलाबाई माझ्या मागे होती. "खोटं बी बोलल्या आन् कामाले बी नाई आलं," ती म्हणाली. "आता तुमच्या महाराजाले काय सांगसान, ताई?" भाऊ पुढं चालत होते. स्टेशनात येईपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. गाडीत मात्र मला खिडकीची जागा दिली.

वैशाखात निकाल आला. अर्ज नाकारला. सहा पानं. मी मागून घेतला नव्हता, कमलाबाईनं आणून दिला. त्यात भाऊंचं नाव पहिल्या पानावर एकदा आहे, अर्जदार म्हणून. माझं नाव सात वेळा आहे. सौ. भागीरथा वासुदेवराव इखार यांनी अर्जाच्या आधी हे सर्व लोकांसमोर मांडलं, असं. तो कागद सरकारच्या वेबसाइटवर राहणार आहे, कोणीही कधीही पाहू शकतो.

कमलाबाईनं माझ्या नावावर बोट ठेवलं. तिला इंग्रजी येत नाही, पण नाव ओळखता येतं. "पाहा ताई," ती म्हणाली, "सरकारच्या कागदावर नाव तं आलं. पण तुमचं."

त्यानंतर कंपनीचा माणूस आला नाही, आणि यायची गरजही नाही. आता ते पायडल कोणीही करू शकतो. देवळाच्या वेबसाइटवर लिहिलंच होतं, कसं करायचं ते, तांदळाच्या दाण्यापर्यंत. वासुदेवरावांनी स्मरणिका तिथून काढून टाकली, निकाल आल्यावर.

जूनअखेर भाऊ रिटायर झाले. दवाखान्यात त्यांना घड्याळ दिलं, त्यावर दवाखान्याचं नाव आहे. मोहिनी मॅडम आता खऱ्या ऑपरेशनला बसतात, कंपनीच्या पायडलांवर. सरावाच्या यंत्राखालचं भाऊंचं पायडल स्टोअरमध्ये गेलं. कमलाबाईनं ते परत मागितलं, तिच्या मशीनचं होतं म्हणून. मिळालं नाही. आता तिच्या मशीनला नवीन पायडल आहे, भाऊंनी मोडीतून आणून बसवलेलं, थोडं करकरतं.

मागच्या आठवड्यात माझं मशीन अडकलं. मी निरोप दिला तसे भाऊ आले, ओट्यावरच बसून दुरुस्त केलं, चहा घेतला नाही. उठताना म्हणाले, "वहिनी, वही चालू हाय का?"

"चालू आहे."

"लिवत राहा," ते म्हणाले, आणि पाना-पेचकस पिशवीत भरून गल्ली ओलांडून गेले.

म्हणून हे लिहिलं. पायडलाचं यात जे लिहिलं ते सगळं बरोबर आहे, त्यांनी तेव्हा सांगितलं तेच. पण हा मजकूर टिकारामभाऊंनी वाचलेला नाही. मी त्यांना दाखवलेला नाही. चूक राहिली असेल तर ती माझी, आणि ती दुरुस्त करायला कोणी आलेलं नाही.