खडूवरचा नेम

रहिमतपूरला मुलीकडे गेलो होतो. सकाळचा चहा हातात होता आणि फोन वाजला. “मास्तरकाका, अण्णा गेले...” माझ्या जुन्या दोस्ताचा, भूपालचा मुलगा एवढंच म्हणाला. “निघालोच,” म्हणालो आणि जावई गाडी काढेपर्यंत अंगणात जाऊन उभा राहिलो. समोर जांभळावर चिमण्यांचा नुसता कालवा चालला होता. माझे हात आपोआप वर आले आणि मी दोनदा जोरात टाळी वाजवली. चिमण्या भुर्रकन उडाल्या. मुलगी दारातून बघत होती, तिला वाटलं वडिलांचं डोकं फिरलं. तिला काय सांगणार? भूपाल बंदूक उचलायच्या आधी अशीच टाळी वाजवायचा. त्याला जाऊन महिना उलटून गेला, तेव्हा आता कुठं लिहायला बसलोय.

भूपालचं आष्ट्याच्या पेठेत भांड्यांचं दुकान. घर जैनांचं, पाणी गाळून पिणारं, दिवस मावळायच्या आत जेवणारं. अशा घरात छऱ्याची बंदूक म्हणजे आक्रीतच! पण पोरवयात जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर त्याला जो नाद लागला, तो सुटला नाही. पद्मावहिनी लग्न होऊन आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोपऱ्यातली बंदूक बघितली. “आवं, ह्ये घरात ऱ्हाणार आसंल तर मी न्हाई ऱ्हाणार,” त्या म्हणाल्या. तेव्हा तह झाला. बंदूक घरामागच्या परड्यातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवायची, जिवंत काही टिपायचं नाही, आणि बार काढायच्या आधी दोन टाळ्या वाजवायच्या. म्हणजे चिमणी, खार, सरडा, जे काय आसपास असेल त्याला पळायला सवड. भूपालनं हा तह शेवटपर्यंत पाळला. स्टॉलवर पत्र्याची पाखरं टांगलेली असली तर तो त्यांच्यावरही नेम धरायचा नाही. “पत्र्याची आसली म्हणून काय झालं, आकार तर पाखराचाच हाय की!”

मी प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या या खेळाला निशाण माझं, म्हणजे वर्गात उरलेले खडूचे तुकडे. रविवारी संध्याकाळी परड्यातल्या पेरूच्या फांदीला दोऱ्यानं खडू टांगायचा, मागं जुना पत्रा उभा करायचा आणि पाळीपाळीनं नेम धरायचा. खडू भूपालनंच निवडला होता. छरा नेमका बसला की खडूचा भुगा होतो, हुज्जत घालायला जागाच राहत नाही. तरी निकाल त्यानंच द्यायचा असा रिवाज पडला होता. बार झाला की तो सावकाश झाडापर्यंत चालत जायचा, बघायचा आणि कोर्टातल्या जज्जासारखा सांगायचा, “लागला.” नाहीतर, “न्हाई लागला.” त्यावर अपील नाही.

त्याचा खरा चक्रमपणा मात्र वेगळाच होता. नेम धरून लागला तर तो पुढं खेळायचा. पण नशिबानं लागला, की बंदूक खाली ठेवायचा आणि त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही. मी जत तालुक्यात नोकरीला होतो, तेव्हा तो मला भेटायला यष्टीनं आला होता. तिथल्या जत्रेत त्यानं कोपऱ्यातल्या लाल फुग्यावर नेम धरला. छरा चौकटीच्या लोखंडाला आपटून तिरका गेला आणि दुसऱ्या टोकाचे दोन फुगे फाट्फाट् फुटले! लोकांनी शिट्ट्या मारल्या. स्टॉलवाला आरसा बक्षीस द्यायला लागला, तर हा म्हणतो, “मी लालवर धरला हुता. ह्ये माजं न्हवं.” आणि बंदूक ठेवून चालायला लागला. मी त्याच्यामागं शिव्या घालत निघालो. आरसा चांगला होता हो!

दुसरा प्रसंग परड्यातला. वारा सुटला होता, खडू गरगर फिरत होता. भूपालनं बार काढला आणि खडू सबंधच्या सबंध खाली पडला. जाऊन बघतो तर छऱ्यानं दोरा तोडलेला! केसाएवढा दोरा! मी तर नाचायचाच बाकी होतो. पण भूपालनं बंदूक भिंतीला टेकवली. म्हणालो, “अरे, आता कुठं हात बसलाय, मार की अजून!” तो शांतपणे म्हणाला, “हात न्हाई बसला, नशीब बसलं. गड्या, आपसूक मिळालं की परत मागू न्हाई.” त्याच्या या बोलण्याचा मला तेव्हा रागच यायचा. सबंध संध्याकाळ फुकट जायची.

पुढं त्याच्या पोटात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधी फारशी आशा दाखवली नव्हती, पण गाठ सगळी निघाली. ते म्हणाले, “नशीबवान आहात. पण धोका नको, केमोचे डोस पूर्ण घ्या.” झालं! त्यातला ‘नशीबवान’ एवढा एकच शब्द यानं धरला. घरी आल्यावर जाहीर करून टाकलं, “लागलं ते लागलं. आता बंदूक खाली. डोस न्हाई घ्यायचं.” पोरगा रडला, मी घसा बसेपर्यंत भांडलो. “हा जत्रेतला फुगा आहे काय रे?” असंसुद्धा बोललो. तो नुसता हसायचा. आतून भ्यायला होता, हे मला कळत होतं. पण एकदा सगळ्यांसमोर नाही म्हणून बसला होता, आता हो कसं म्हणायचं? डोस सुरू करायची तारीख जवळ येत चालली, तशी वहिनींची अन्नावरची वासना उडाली.

एका रविवारी मी उगाच खडू टांगून बसलो होतो. भूपाल खाटेवर शाल पांघरून बसला होता. तेवढ्यात वहिनी पदर खोचून परड्यात आल्या. इतक्या वर्षांत आमच्या खेळाच्या वेळी त्या कधी तिकडं फिरकल्या नव्हत्या. “द्या ती हिकडं,” त्या मला म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. “मी येक बार काढती. लागला तर उद्या मिरजंला जायाचं. न्हाई लागला तर परत त्वांड उघडायची न्हाई मी. हाय कबूल?”

भूपालनं पेरूला टांगलेल्या खडूकडं बघितलं. “कबूल,” म्हणाला.

मी छरा भरून दिला. खाटेवरून भूपालनं दोन टाळ्या वाजवल्या, हळूच, अंगात ताकद नव्हती. वहिनींनी दोन्ही डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला. टण्ण! पार डावीकडं, पत्र्याच्या खोलीच्या दारावर छरा आपटला. मी मान खाली घातली. वाटलं, संपलं सगळं... पण निकाल द्यायचा होता. भूपाल भिंतीला धरून उठला, एकेक पाऊल टाकत झाडापाशी गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. वळला, तेव्हा त्याच्या तळहातावर खडूचे दोन तुकडे होते. मधोमध मोडलेले, स्वच्छ.

“लागला,” तो म्हणाला.

जत्रेतला आरसा नाकारणारा माणूस! मी तोंड उघडणार, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो. “नशिबानं लागला,” तो वहिनींना म्हणाला, “आता ठेव खाली.” आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला गेला. सगळे डोस घेतले. केस गेले, पुन्हा आले. त्यानंतर नातवाचं बारसं झालं, नात शाळेत जायला लागली, आणि कितीतरी रविवार आम्ही परड्यात काढले. त्या निकालाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींनी चहा दिला आणि आतून हळदीकुंकवाची छोटी डबी आणून माझ्यासमोर उघडली. आत खडूचे तेच दोन तुकडे.

“मास्तर, छरा लागला की खडूचा भुगा हुतो न्हवं?”

मी कप खाली ठेवला. “तुम्हाला कधीपासनं माहीत, वहिनी?”

“त्याच दिशी. दाराला बसलेला आवाज मलाबी आला की. डोळं मिटलं हुतं, कान न्हवं.” त्या हसल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. “माझ्यासाठी खोटं बोललं ते. जन्मात येकदाच. मी कशाला इचारू?”

मग त्याच म्हणाल्या, “रविवार हाय आज. येक मारा.” मी नको नको म्हणत होतो, त्यांनी बंदूक आणून हातात दिली. खिशात खडू होता. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, खिसा काही सुटत नाही. पेरूला टांगला. दोन टाळ्या वाजवल्या, चिमण्या उडाल्या. नेम धरला, पण डोळ्यांत पाणी साचलेलं, खडू एकाचे चार दिसत होते. चाप ओढला. छरा मागच्या पत्र्याच्या पार कडेला जाऊन आपटला. खडू आपला सबंध, वाऱ्यावर हलत होता.

वहिनी सावकाश झाडापर्यंत चालत गेल्या. खडूकडं बघितलं.

“लागला,” त्या म्हणाल्या.

मी बंदूक खाली ठेवली.