कान वाहत नव्हता

ये, जवळ ये. फोन असा छताकडे धरून बोलतेस, मला नुसता तुझा पंखा दिसतो. परवा विचारून राहिली होतीस, आजी, भुवईवर ही खूण कशाची. आता ऐक, मधे बोलू नको.

त्या दुपारी जेवता जेवता तू म्हटलं, बँकेची परीक्षा देणार नाही, पायलट होणार. तुझ्या बापानं वरणाची वाटी भिंतीवर फेकली अन् उष्ट्या हातानं तुझ्या डाव्या कानावर अशी दिली की तू ताटावरच पडलीस. भातात रक्त. तुझी आई तर केव्हाच गेलेली. मधे मी पडली, तर मला कोपरानं ढकललं.

कानाचा पडदा फाटला होता. अधारतालच्या कानाच्या डॉक्टरकडे त्यानंच नेलं. मला बाहेर बाकावर बसवलं अन् आत सांगून आला, लहानपणापासून कान वाहतो हिचा. आपल्या लोकांत असंच. पोरीला आजार लावलेला चालतो, बापाचा हात दिसलेला चालत नाही.

इथल्या पायलटच्या मेडिकल तपासणीत तुला नापास केलं, छिद्राचं ऑपरेशन करून या म्हणाले. मग तुझ्या मामानं तो राहतो त्या देशात बोलावलं. तिथला नियम निराळा. छिद्र कोरडं आहे, ऐकू नीट येतं, तर चालेल. पण जुन्या आजाराचं असेल तर नाही. म्हणजे माराचं चाललं असतं, अन् कागदावर बापानं आजार घातलेला. तू रडत फोन केला, "आजी, बाबांना म्हण ना, डॉक्टरला खरं सांगा."

म्हटलं त्याला. तो दाढी करून राहिला होता, मी पोळ्या लाटून राहिली होती.

"अच्छा! पोरीला मारणारा म्हणून परदेशात नाव करू माझं?"

"मारताना नाही आठवलं नाव?"

पितळेचा लोटा होता त्याच्या हाताशी, तोच आला. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. मी म्हटलं, मीच सांगते डॉक्टरला, तर दारात आडवा झाला, माझं मनगट पिरगाळलं. "गेलीस तर पाय तोडीन, बुढे." माझ्या दुसऱ्या हातात लाटणं होतं. पोटच्या पोराच्या गुडघ्यावर हाणलं मी, पूर्ण जोर लावून. तो वाकला, तशी मी बाहेर.

ऑटोवाला म्हणे, "माताजी, अस्पताल?" मी म्हटलं, "नहीं भैया, कान वाले डॉक्टर के पास." आरशातून पाहतच राहिला बिचारा.

डॉक्टरनं विचारलं, "अम्मा, ये किसने किया?"

"उसी ने, जिसने बच्ची के कान पर मारा था. कान कभी नहीं बहता था उसका."

त्यानं आधी टाके घातले. मग तुझा जुना कागद काढून पाहिला; पहिल्या दिवशी कानात ताजं रक्त होतं, हे त्यानंच लिहिलं होतं. नवा दाखला लगेच दिला. तोच तुला पोचला.

तुझ्या बापाची गादी अन् पेटी मी त्याच संध्याकाळी रस्त्यावर ठेवली. घर माझ्या नावावर आहे. तिलवाऱ्याकडे खोली घेऊन राहतो आता. एकदा आला होता, दार बडवून बडवून कडी उखडली. मी लाटणं घेऊन आत उभी होती. शेजारी जमले तेव्हा गेला. आता कडी लोखंडाची आहे, चांगली जाड.

म्हणून म्हणते, भिऊ नको. भिंतीवर वरणाचा डाग तसाच आहे, मला एकटीला चुना मारायचा नाही. सुट्टी मिळाली की ये, बेटा. लवकर ये.