हे पाणी इथलं नाही

नदीत उतरण्याआधी ती ओंजळभर पाणी नाकाशी धरायची, हुंगायची आणि सांगायची, "ह्ये पानी इथलं न्हाई." नदीच्या पाण्याला इथलं-तिथलं काय असणार, असं तुम्हालाही वाटेल. आम्हालाही वाटायचं.

कळमनुरीच्या बाजूला, कयाधूकाठी आमचं गाव. दिवस निजामाच्या राज्याचे. ती आमच्या शेजारची विधवा. आम्ही पोरंसोरं तिला आत्या म्हणायचो. तिचा एकुलता लेक पोळ्याच्या दिवशी बैल धुताना वाहून गेला होता. डोक्यावर लख्ख ऊन आणि नदीला पूर. पाऊस कुठंतरी वर, हिंगोलीच्या पलीकडं झाला होता.

तेव्हापासून वरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला ती अडवायची. "तिकडं पानी पडून राहिलं का?" तो हो म्हणाला की लगेच, "झड हाय का एकदम ओतलं?" मला तिनं एकदा समजावलं होतं, "झडीचं पानी भुई पिते, लेकरा. एकदम ओतलं की पीत न्हाई, नदीत लोटून देते." हे सांगताना ती माझ्या खांद्यावरून नदीच्या वरच्या वळणाकडे बघत होती. मला तिची भीती वाटायची, आणि माझा तिच्यावर जीवही होता.

दर पोळ्याला ती काठावरून ओरडायची, "निगा! येऊन राहिलं!" आम्ही बैलांसकट धडपडत वर यायचो, आणि नदी आपली गुडघाभर. मग काय, हसून हसून पुरेवाट. "आत्या, पूर वाटेत जेवायला थांबला काय गं?" तीही पदर तोंडाला लावून हसायची.

मग तो पोळा आला. आमच्याकडे श्रावणभर थेंब नव्हता. तिनं पाणी हुंगलं आणि ओरडली. कुणी हललं नाही. तशी ती लुगड्यासकट पाण्यात शिरली आणि नदीच्या मधल्या खडकावर जाऊन बसली.

"तुमी निगा, मंग मी उठीन."

"काहून सणाच्या दिवशी हट्ट करून राहिल्या, वहिनी?" तिचा दीर चिडला. ती खडकावरून हलेना. शेवटी शिव्या घालत त्यानं आपली जोडी बाहेर काढली, मागोमाग आम्ही आमच्या काढल्या. काठावर आल्यावर लक्षात आलं, झाडावरच्या साळुंक्या गप्प झाल्या होत्या.

"निगाले का समदे?" तिनं विचारलं.

"व्हय आत्या, ये आता!" मी कासरा फेकला. तो बराबर तिच्या हाताशी पडला. ती उठली, पण तोंड वळणाकडेच. कुणी ओळखीचं येताना दिसावं, तशी बघत होती. आणि वळणावरून ते मातकट पाणी आलं. वर ऊन तसंच होतं.

ती सापडली नाही.

पुढच्या पोळ्याला बैल काठापर्यंत आले आणि थांबले. ओढलं, चुचकारलं, एकही पाण्यात पाय घालेना. सगळे त्या रिकाम्या खडकाकडे बघत उभे. दीरानं वाकून ओंजळ भरली, नाकाशी धरली, पाणी हळूच खाली सोडलं आणि जोडी मागं वळवली. आम्ही विहिरीवर जाऊन बैल धुतले.

त्या दिवशी पूर आला नाही. हसलं मात्र कुणीच नाही.